बारा चकत्यांची लढाई

३ डिसेंबर १९४६

आजपासून रोजनिशी लिहायची. वही मिळाली म्हणून लिहायची. एरवी डोंगरकडा गावात राहणाऱ्या, बैल, ज्वारी आणि व्याही एवढ्याच काळज्या असलेल्या माणसाने रोज उठून काय लिहावं? पण वही अस्सल लष्करी आहे. खाकी पुठ्ठा, जाड कागद आणि प्रत्येक पानावर इंग्रजीत छापलेले रकाने. प्रेमसिंगाने ते वाचून दाखवले : हवा, दारूगोळा, जखमी, शत्रूची हालचाल. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही उर्दूतून. पण रिकामा रकाना दिसला की मला तो भरावासा वाटतो.

प्रेमसिंग आमच्या शिवेवरच्या लमाणांच्या तांड्यातला. लढाईच्या काळात तो मिसर देशात लष्कराच्या मोटारी दुरुस्त करत होता, आता घरी आलाय. सिकंदराबादला लष्कराच्या उरल्यासुरल्या सामानाचा लिलाव चालू आहे. तिथून माझ्या सांगण्यावरून त्याने एक मोठी ताडपत्री, ही वही आणि बारा बेरिंगा आणल्या. बेरिंग म्हणजे पोलादाची चकती, तिच्या पोटात छर्रे. आतलं कडं धरून बाहेरचं फिरवलं की ते फिरतच राहतं. मी जेवताना एक फिरवून ताटाशेजारी धरली, तर पहिला घास गिळून झाला तरी थांबेना.

"मालक, मिसरात निस्ती वाळू," प्रेमसिंग म्हणाला. "मोटारीचं चाक दोन रोजात जाम व्हायचं. मंग सरकारनं लाखो रुपये वतले, मोठमोठे इलमवाले बसवले, तवा ही चकती निघाली. वाळू आत जात न्हाई, वंगण भायेर येत न्हाई."

"लढाई नसती तर निघाली नसती?"

"लढाई नसल्यावर कोन पैसा देतो, मालक?"

मला हे बराबर पटलं. पाच वर्षांपूर्वी शाळेच्या छपरासाठी मी गावात वर्गणी मागितली होती. एक गोणी ज्वारी जमली आणि सबब मात्र घरटी एक मिळाली. पोरं अजून पावसात भिजतात. पण गेल्या महिन्यात पारावर मी नुसतं म्हणालो की यंदा शेजारच्या वारंगा गावाला हरवायचं, तर लोकांनी कमरेचे पैशाचे कसे सोडले.

वारंग्याला हरवायचं म्हणजे व्यंकटरावांना हरवायचं. हे माझे व्याही, सूनबाई आशाचे वडील. माघी पुनवेच्या जत्रेत शंकरपट असतो. बैलांचे छकडे पळतात. आम्हा दोघांची शर्त आहे की छकडा स्वतः हाकायचा, आणि जो हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या बैलांसाठी कडब्याची पेंढी स्वतःच्या डोक्यावर घेऊन वेशीपासून देवळापर्यंत चालायचं. तीन वर्षं ती पेंढी मीच वाहतोय. गेल्या साली तर जत्रेतल्या बायका मला बघून बाजूला झाल्या. त्यांना वाटलं कोणी गडीमाणूस चाललाय. चौथ्या वर्षी पेंढी वाहिली तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

हवा : थंड. दारूगोळा : बेरिंगा बारा. शत्रूची हालचाल : व्याही निवांत आहेत असं कळतं.

९ डिसेंबर

गोठ्यामागे कारखाना सुरू झाला. संतराम सुताराला बोलावलं. छकड्याच्या दोन चाकांना चार बेरिंगा लागणार, उरलेल्या आठ राखीव. फौज राखीव सामान ठेवतेच, असं प्रेमसिंग म्हणतो. संतरामला हा प्रकार पसंत नाही. त्याच्या आजाच्या वेळेपासून चाक लाकडी आखावर फिरतंय आणि आजतागायत कोणाची तक्रार नाही, असं तो म्हणतो. मी म्हणालो, "माझी तक्रार हाय. तीन वर्षांची."

ताडपत्रीने सगळं झाकून टाकलंय. गोठ्याकडे फिरकायला घरच्या बायकांना मनाई केली. बायकांच्या तोंडून गोष्ट विहिरीवर जाते आणि विहिरीवरून वारंग्याला. शिवाय सूनबाई शत्रूचीच मुलगी. पोरगी गुणाची आहे, पण सावध राहिलेलं बरं.

पार्वती मधेच म्हणाली की स्वयंपाकघरातलं शिंकं हातभर खाली बांधून द्या. तिचा उजवा खांदा धरलाय आणि हात वर जात नाही. बांधून देईन म्हटलं. लढाईची गडबड जरा कमी होऊ दे.

१७ डिसेंबर

आज पहिली चाचणी झाली.

बैल जुंपायच्या आधी मी छकड्यात बसून बघत होतो की बैठक कशी काय आहे. संतरामने चाकाखालचा दगड काढला. गोठ्यामागची जमीन थोडी उतरती आहे, हे मला चाळीस वर्षांत जाणवलं नव्हतं. आज जाणवलं. छकडा बैलांवाचून निघाला. मी "हो, हो" म्हणत होतो, पण हो म्हटल्यावर थांबायची सवय बैलांना असते, चकत्यांना नसते. तुरीच्या काट्यांचं कुंपण मोडून मी थेट उकिरड्यात गेलो.

प्रेमसिंग धावत आला. मला वाटलं मला उचलायला आला. तो चाकापाशी बसला, कान लावला आणि म्हणाला, "आवाज न्हाई, मालक! जरा बी आवाज न्हाई!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगायचं तर माझ्याही होतं, पण ते उकिरड्यामुळे.

मनाई असूनही पार्वती आणि सूनबाई गोठ्यामागे आल्या आणि पदर तोंडात कोंबून हसल्या. मग पार्वतीने पोत्यातली एक चकती उचलली आणि बोटावर फिरवली. बराच वेळ फिरवत राहिली. तिचं हसणं थांबलं होतं.

"अवो, हिच्यावर वजन किती ठिवता येतं?"

"मोटारीचं."

"म्हंजी दगडाचं बी?"

"दगडाचं काय करायचंय तुला? लढाईच्या सामानाला बाईमाणसानं हात लावू न्हाई. ठिव ती."

तिने ठेवली. यंत्रातलं तिला काय कळणार, पण कौतुक वाटलं असावं.

जखमी : मी. डावं ढोपर.

२२ डिसेंबर

घात! छकड्याला लावलेल्या चार धरून अकराच बेरिंगा. तीनदा मोजल्या.

घरातल्या कोणाला काही माहीत नाही. सूनबाई म्हणाली, "उंदरानं नेली आसंल, मामंजी." पोलाद नेणारा उंदीर मी पाहिलेला नाही. पण पोर भाबडी आहे.

आज भाकरी भलतीच जाड पिठाची होती, हातात घेताच मोडत होती. पार्वतीला विचारलं तर म्हणाली, जात्याचा मधला खुंटा ढिला झाला होता, संतरामकडून नवा बसवून घेतलाय, एकदोन दिवस पीठ जाड येईल. माझ्या कामाचा खोळंबा करून संतराम घरातली जाती दुरुस्त करत बसतो. मी त्याला बोललो. त्याने मान खाली घातली आणि माझ्याकडे न बघता रंधा मारत राहिला.

२९ डिसेंबर

आणखी दोन गेल्या. नऊ राहिल्या.

मला आता झोपेचाही विकार जडला आहे. जन्मभर मी पहाटे जात्याच्या घरघरीने उठत आलो. या आठवड्यात रोज उजाडल्यावर जाग येते. कानात बिघाड झालाय की काय कळत नाही. वारंग्याची धास्ती घेऊन माणूस बहिरा होऊ शकतो का, ते हिंगोलीच्या डॉक्टरला विचारायला हवं. भाकरी मात्र पुन्हा मऊ झाली. पार्वती म्हणाली, मधला खुंटा जरा आखूड करून वर पत्र्याची बारीक चकती सारली की पीठ पाहिजे तसं बारीक येतं. मी हूं म्हटलं. डोकं दुसरीकडे होतं.

एक चांगली गोष्ट म्हणजे तिचा खांदा कमी दुखतोय. मी आणून दिलेला लेप लागू पडला. त्यावर ती म्हणाली, "व्हय, लेपच." आणि सूनबाई उगाच चुलीकडे वळली.

शत्रूची हालचाल : व्याहीसुद्धा सिकंदराबादला जाऊन आले म्हणे. गाडीत काय होतं ते झाकलेलं होतं.

८ जानेवारी १९४७

चोर पकडायला युक्ती केली. पोत्याभोवती चाळलेली राख पसरली. आज सकाळी राखेत पावलं उमटलेली दिसली. पावलं लहान, आणि दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटाशी जोडव्याची खूण.

याचा अर्थ उघड आहे. व्याह्यांनी बाईच्या वेषात हेर पाठवला. जोडवीसुद्धा घालायला विसरला नाही, म्हणजे किती पक्का! पार्वतीला हे सांगितलं तेव्हा ती खाली बसली आणि पोट धरून राहिली. भीतीने पोटात गोळा आला असावा. मी धीर दिला.

सूनबाई आज संक्रांतीसाठी माहेरी निघाली. तिचं गाठोडं मीच उचलून बैलगाडीत ठेवलं. खांदा निखळायची वेळ आली.

"काय गं, एवढं जड काय?"

"तीळ हायेत, मामंजी. अन् गुळाची ढेप."

सासरच्या घरून माहेरी जाताना पोरगी रिकाम्या हाताने जात नाही, हे चांगलं वळण आहे. मी वरून आणखी अर्धा शेर तीळ दिले.

संध्याकाळी मोजल्या. सहा.

२७ जानेवारी

राखीव एकही उरली नाही. छकड्याला लावलेल्या चार तेवढ्या आहेत. आता मी छकड्यातच झोपतो.

सूनबाई परत आली. उद्यापरवा पार्वती आणि ती दोघी पुन्हा वारंग्याला जाणार, विहीणबाई मंजुळाबाईंकडे शेवया करायला. एवढ्या लवकर शेवया? तर म्हणे यंदा दळणं भराभर उरकली, सगळ्यांचीच. सगळ्यांची म्हणजे कोणाची, ते मी विचारलं नाही. बायकांच्या कामात मी लक्ष घालत नाही.

२ फेब्रुवारी

चोर सापडला.

आज मी स्वतः वारंग्यात टेहळणीला गेलो. व्याह्यांच्या मळ्याच्या बांधाला निवडुंगाआड बसलो होतो. दुपारी त्यांच्या घराच्या मागच्या दारातून कोण बाहेर आलं? प्रेमसिंग! हातात पाना, हाताला काळं वंगण, आणि मंजुळाबाई त्याला दारात शेवयांची पुरचुंडी देत होत्या. म्हणजे मोबदला! मी ज्याला भावासारखं वागवलं तो माझ्या बेरिंगा शत्रूला विकून शेवया खात होता.

जखमी : मी. निवडुंगाचे काटे सतरा.

३ फेब्रुवारी

पारावर सगळ्या गावासमोर प्रेमसिंगाला विचारलं. "वारंग्याला व्याह्याच्या घरी काय करून राहिला व्हता काल?"

त्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"माझ्या आठ चकत्या कुठं गेल्या?"

संतराम तिथेच होता. तो वहाणेच्या अंगठ्याकडे बघत बसला.

मग मी बोलू नये ते बोललो. म्हणालो, तांड्यावरच्या माणसाला घरात घेतलं ही माझी चूक झाली. लोक कुजबुजायला लागले. प्रेमसिंगाचा चेहरा उतरला. त्याने खांद्यावरची हत्याराची पिशवी काढली आणि मी त्याला दिलेले दोन लोखंडी पाने माझ्यासमोर ठेवले.

"मालक, मला चोर म्हना. माझ्या तांड्याला म्हनू नका," एवढंच बोलला. परवाच्या मोटारीने तो नांदेडला कामाला निघणार असं कळतं. वारंगा फाट्यावर दुरुस्तीचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. चोर म्हटल्यावर त्याच्याकडे चाक दुरुस्तीला कोण नेणार?

मी जिंकलो असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरी पार्वती नव्हती, चूल थंड होती. गूळ-शेंगदाणे खाऊन झोपलो.

५ फेब्रुवारी, माघी पुनव

आजचा दिवस एका पानात मावणार नाही. रकान्यांवरूनच लिहितो.

काल संध्याकाळी पार्वती आणि सूनबाई वारंग्याहून आल्या. वेशीतच त्यांना पारावरची हकिगत कळली असावी, कारण पार्वती घरात आली ती सरळ जात्यापाशी जाऊन बसली. मला वाटलं प्रवासाचा शीण.

आज पहाटे तिने मला उठवलं. मला वाटलं शंकरपटाला निघायचं म्हणून. तिने मला जात्यापाशी नेऊन बसवलं.

"फिरवा."

"मी?"

"व्हय, तुमीच."

मी वरचा, हाताचा खुंटा धरला. जातं असं फिरलं की मी चकितच झालो. एका हाताने, दोन बोटांनी. आवाज जवळजवळ नाही. मला वाटलं आत पीठच नसेल, पण पीठ पडत होतं.

मग तिने वरची दगडी पाळ उचलायला लावली. खाली, मधल्या खुंट्यावर, पत्र्याच्या चकतीवर बसवलेली माझी बेरिंग होती. सरकारने मिसरच्या वाळूसाठी काढलेली. तिने ती काढून घेतली, पाळ पुन्हा ठेवली आणि म्हणाली, "आता फिरवा."

दहा फेऱ्यांत मला दम लागला. पंधराव्या फेरीला खांद्यात कळ आली, उजव्याच. मी थांबलो.

"अजून पायली बाकी हाय," ती म्हणाली.

"किती वर्षं फिरवलंस गं हे?"

"लगीन झालं तवापासनं. मोजा तुमी. तुमाला मोजायची आवड हाय."

मी मोजलं नाही. मला मोजवेना.

मग सगळं बाहेर आलं. पहिली चकती तिने नेली, संतरामने बसवून दिली. प्रेमसिंगाने पत्र्याची जोडणी सुचवली, नाहीतर पीठ जाडच राहिलं असतं. मग संतरामच्या बायकोला हवी झाली, मग शेजारी, मग सूनबाईच्या गाठोड्यातून तीन वारंग्याला गेल्या, तिथं त्या बसवायला प्रेमसिंग जात होता; उरलेल्या दोन आमच्याच गल्लीत. ते गाठोडं मी उचललं होतं. राखेतली जोडवी सूनबाईची होती. ती दाराआड उभी राहून रडत होती आणि हसतही होती.

"मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं आसतं तर छकड्याला लावल्या आसत्या. लढाईच्या सामानाला हात लावू न्हाई म्हनलात."

"आगं, पन सरकारनं एवढे लाख रुपये लढाईसाठी वतले, तवा कुठं..."

"मंग जात्यासाठीच काहून न्हाई वतले?"

मी म्हणालो की जात्याला शत्रू नसतो, त्यामुळे कोणाला घाई नसते.

"आमचा शत्रू तेच व्हतं," ती म्हणाली. मग पदराने हात पुसला. "प्रेमसिंगानं मला जबान दिली व्हती, कोनाला सांगनार न्हाई म्हनून. ती पाळायला त्यो चोर झाला. नांदेडची मोटार फाट्यावर कवा येती?"

मी उठलो. डोक्याला काही बांधायचंही सुचलं नाही. लालकंधारी बैलजोडी पटासाठी सजवून ठेवलेली होती, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरं. तीच छकड्याला जुंपली आणि सुटलो. डोंगरकड्याहून वारंगा फाटा दोन कोस. मी एवढ्या वेगाने आयुष्यात गेलो नव्हतो. चकत्या खरोखर आवाज करत नाहीत. घुंगरांचा आणि माझ्या ओरडण्याचाच काय तो आवाज होता. रस्त्यावरचे लोक जत्रेला निघालेले, ते टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं मी सराव करतोय.

मोटार उभी होती, प्रेमसिंगाचा एक पाय पायरीवर होता.

मी छकड्यातून उतरलो की पडलो, सांगता येत नाही. त्याच्यासमोर उभा राहिलो. मोटारीत बसलेले, चहाच्या टपरीवरचे, सगळे बघत होते. पारावर बोललो होतो तेवढ्याच मोठ्याने बोललो, "प्रेमसिंग, मी चुकलो. चकत्या माझ्याच घरच्यांनी नेल्या. चोर मी तुला म्हनलो, तांड्याला बोललो, ते सगळं माघारी घेतो. हे सगळे साक्षी हायेत."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो चाकाकडे बघत होता. पायरीवरचा पाय खाली घेतला, चाकापाशी बसला आणि हाताने चाक डुलवून बघितलं.

"उजवीकडचा नट ढिला झाला हाय, मालक. आसं कोनी पळवतं का? चाक निघालं आसतं अन् तुमी मेला आसता."

"पाना घरी राहिला."

"माझा हाय," तो म्हणाला आणि मोटारीच्या टपावरून आपली पेटी खाली घेतली. कंडक्टरने दोनदा हाक मारली. मग मोटार त्याला सोडून गेली.

मी टपरीच्या भिंतीला टेकून रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

आता शंकरपट. चार कोस पळालेले बैल दुपारी पुन्हा जुंपले. सुरुवात बरी झाली. पण अर्ध्यात आल्यावर माझ्या जोडीला वाटलं आजचं काम झालं. ती उभी राहिली. छकडा मात्र थांबायला तयार नव्हता. चकत्यांवर तो पुढे सरकायचा आणि बैलांच्या ढुंगणाला धडकायचा. बैल मागे वळून माझ्याकडे बघायचे. व्यंकटराव लाकडी आखाच्या जुन्या छकड्यात कुरकुरत, हादरत शेजारून गेले. सगळी जत्रा हसत होती.

पेंढी डोक्यावर घेतली. चौथ्या वर्षी. व्याही नियमाप्रमाणे शेजारून चालत होते. वेशीपासून थोडं पुढे आल्यावर त्यांनी खाकरून विचारलं, "इवाई, एक विचारू का? तुमच्या घरी मदी भाकरी जाड येऊन राहिली व्हती का?"

मी पेंढीखालून त्यांच्याकडे बघितलं. "तुमच्या घरी?"

"आठ दिस. दात दुखले." ते आणखी जवळ आले. "तुमचं बघून म्या बी सिकंदराबादहून सहा चकत्या आनल्या व्हत्या. एक बी छकड्याला लागली न्हाई. राखीत जोडव्याच्या खुना घावल्या. मला वाटलं तुमीच बाईच्या वेसात आलात."

मग आम्ही दोघे हसत सुटलो, भर जत्रेत. पेंढी पडायला लागली तेव्हा त्यांनी एका बाजूने हात लावला. लोकांना वाटलं ते मला दाबतायत, आणि वारंगेकरांनी जयजयकार केला. त्यांना तसंच वाटू दिलं.

हवा : स्वच्छ. जखमी : कोणी नाही.

१६ फेब्रुवारी

छकड्याच्या चारही चकत्या काढून प्रेमसिंगाला दिल्या. त्याने फाट्यावर दुकान टाकलंय. मोटार दिवसाला एखादीच येते, पण बायका डोक्यावर जात्याची पाळ घेऊन रांगेत बसतात. सेनगावकडून एक बाई गाडीत जातं घालून आली होती. प्रेमसिंग म्हणतो, पुढच्या लिलावात आणखी आणू. मी म्हणालो, आणू, पण या खेपेला लढाईचं नाव नको, सरळ जात्यासाठी म्हणून वर्गणी मागू. मागून बघितली. आतापर्यंत सात सबबी जमल्यात. मग व्यंकटरावांना सांगितलं की वारंग्यात आमच्यापेक्षा जास्त जाती फिरू लागली तर बघा! आता दोन्ही गावांत कसे सुटायला लागले आहेत.

गोठ्यामागची ताडपत्री रिकामी पडली होती. ती शाळेच्या छपरावर टाकली.

आज दुपारी फुरसत होती, म्हणून दोरी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. शिंकं हातभर खाली बांधून द्यायचं डिसेंबरपासून राहिलं होतं. पार्वती ताक करत होती. मी म्हणालो, आधी माफ कर, मग सांग कुठं बांधू.

ती उठली. उजवा हात वर केला, शिंक्यातलं लोण्याचं मडकं काढलं, आणि पुन्हा तसाच हात वर करून ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या आता तिथंच," म्हणाली.

मी दोरी हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. मला तो हात वर गेलेला किती वर्षांत दिसला नव्हता, ते आठवेना.

दारूगोळा : शिल्लक नाही.